माझा गिअरबॉक्स कोणी उघडायचा नाही

मी बोलतेय. बॉनेटवरचा हात आधी काढा.

मी एक गाडी आहे. पांढरी, चार दारांची, ऑटोमॅटिक. किट्वे या खाणींच्या शहरात, वुसाकिले वस्तीत, एनलेसच्या अंगणात आंब्याखाली उभी आहे. येणारा-जाणारा मला बघून चुकचुकतो. "इंजिन बरं दिसतंय, गिअरबॉक्स गेला असणार," असं म्हणत कोणी वाकून खाली बघतो, कोणी टायरला लाथ घालतो. टायरला लाथ घालून माणसांना नेमकं काय समजतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझा जन्म जपानातला. पहिल्या मालकिणीबद्दल मला बोलायचं नाही. तिने मला जपलं, आणि जुनी झाले तशी काढून टाकलं. मग जहाज, मग दार-एस-सलामचं बंदर. तिथून ज्या ड्रायव्हरने मला सीमेपार आणलं, त्याने सबंध वाटेत एकदाही माझं ऑइल पाहिलं नाही. माझ्या दुखण्याची सुरुवात तिथली. त्याचं तोंड मी विसरलेले नाही.

मला विकत घेतलं गर्शोमने. तो तांब्याच्या खाणीत पिंजरा चालवायचा; म्हणजे माणसं ज्यात उभी राहून खाली जातात तो पाळणा वर-खाली करणारं यंत्र. झटका बसला की आत माणसं आहेत, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. माझ्या गिअरच्या दांड्यालाही त्याने कधी झटका दिला नाही. बायकोला, एनलेसला, त्यानेच गाडी शिकवली.

"दांडा टाकलास की लगेच पाय देऊ नकोस. आधी तिला धरू दे."

"आणि नाही धरलं तर?"

"तर उतर आणि चालत जा. तुझ्या आईने जन्मभर तेच केलं."

एनलेसने त्याच्या दंडावर चापट मारली होती. ती चिसोकोने नावाच्या बाजारात सुकी मासळी विकायची. पोती माझ्या डिकीत असत आणि वास माझ्या सीटमध्ये. मी कधी तक्रार केली नाही.

पुढे सकाळी दांडा टाकल्यावर मला धरायला वेळ लागू लागला. चढावर अंग थरथरे. इंजिन ओरडे आणि चाकं मागे राहत. गर्शोम मला सियामेकडे घेऊन गेला. सियामे फिटर, अंगाने आडवा, तोंडाने फटकळ. त्याने गिअरबॉक्सची ऑइलपट्टी उपसली, थेंब बोटांत चोळला, हुंगला आणि तीच बोटं गर्शोमच्या नाकाशी धरली.

"लाल हवं. हे बघ, काढा झालाय."

"मग बदल."

"सगळं बदलतो, आणि उद्या ती जागची हलली नाही तर माझ्या नावाने बोंबलशील. झिजलेल्या प्लेटा त्या गाळावरच तग धरून आहेत. थोडं थोडं बदलू. चढावर ओझं नको. आणि दुसरा बॉक्स मिळतो का ते बघत राहू."

आम्ही तसंच केलं. दुखणं घेऊन जगता येतं, सांभाळणारा असला तर. पण दुसरा बॉक्स मिळायच्या आत गर्शोमचीच छाती भरून आली. खाणीतली धूळ. त्याला इस्पितळात नेणारीही मीच, आणि परत येताना मागची सीट रिकामी आणणारीही मीच.

मयताच्या घरी बायका आत जमिनीवर बसल्या होत्या, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. चिंगोलाहून गर्शोमचा धाकटा भाऊ चिपाशा आला. दफन झालं आणि दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला.

"वहिनी, चावी द्या."

"कशाला?"

"भावाची गाडी म्हणजे घराण्याची गाडी."

एनलेसचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "नेणारच असाल तर एक ऐका, भाऊजी. तिच्या गिअरचं थोडं..."

"मला गाडी शिकवतेस? मासळी विकणारी तू!"

"भाऊजी, तिचा गिअरबॉक्स..."

"तोंड बंद ठेव म्हटलं ना!"

शेकोटीभोवतीच्या सगळ्यांनी ते ऐकलं. एनलेसने तोंड बंद केलं. खिळ्यावरची चावी त्याने स्वतः ओढून घेतली. खिळाही निघून आला.

चिपाशाचा मला राग आहे. साधा राग नाही. गंजासारखा, आत शिरणारा. त्याने माझ्यात कोळशाची पोती भरली, टपावरही बांधली. मी मागे सरकत असतानाच तो दांडा पुढे ओढायचा. माझ्या पोटात लोखंडावर लोखंड आपटायचं आणि तो रेडिओ मोठा करायचा. समोरचा पिवळा दिवा लागला तेव्हा त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. जळक्या ऑइलचा वास येऊ लागला, तर शेजारी बसलेल्या मित्राला म्हणतो, "वहिनीच्या मासळीचा वास आहे, जात नाही बघ."

मित्र हसला. चढावर मी जीव तोडून ओढत होते आणि हे दोघं हसत होते.

शेवटी किट्वेच्या अलीकडच्या चढावर इंजिन आभाळाएवढं ओरडलं आणि चाकं गप्प राहिली. त्याने आणखी पाय दाबला. धूर आला. मग एका लॉरीला दोर बांधून त्याने मला टोचन केलं, पुढची चाकं जमिनीवर ठेवून. ऑटोमॅटिक गाडीला असं ओढू नये, आत उरलंसुरलं तेही घासून जातं. लॉरीवाल्याने सांगितलं होतं. चिपाशा म्हणाला, "तू ओढ रे."

आणि आणून सोडलं कुठे, तर सियामेच्याच दारात.

सियामेने मला ओळखलं. इंजिन चालू करून दांडा पुढे टाकला, काही नाही. मागे टाकला, मी जेमतेम अंग हलवलं. मग त्याने जॅक लावला आणि खालची थाळी उघडली. काळं ऑइल पडलं, त्यात चमचमणारा चुरा. थाळीतल्या चुंबकाला लोखंडाची दाढी आली होती.

"प्लेटा जळल्या," सियामे म्हणाला. "हाच बॉक्स उघडून भरायचा तर सामान बाहेरून मागवावं लागेल, गाडीच्या किमतीच्या वर जाईल. अपघातातल्या गाडीचा बॉक्स बसवता येईल. तो वर्षभर चालेल नाहीतर पाच वर्षं. माझ्याकडून शपथ मिळणार नाही. नाहीतर तोडा आणि भाग विका."

चिपाशाने एनलेसला बोलावणं धाडलं. ती बाजारातून तशीच आली, कमरेचं फडकंही न सोडता.

"तुला माहीत होतं!" तो तिच्या अंगावर धावून गेला. "नासकी गाडी मुद्दाम माझ्या गळ्यात बांधलीस."

"गळ्यात बांधली? खिळ्यासकट उपटून तुम्ही नेलीत, भाऊजी."

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते. तोंड बंद ठेव म्हणालात. ठेवलं."

रस्त्यावरची दोन माणसं थांबली. चिपाशाने आवाज खाली आणला, आणि खालचा आवाज जास्त वाईट होता. "बॉक्सचे पैसे तू भरायचे. नाही भरलेस तर घराण्याची बैठक बसेल. मग गाडीचंच नाही, घराचंही बघू."

ते घर गर्शोमने खाणीकडून विकत घेतलेलं. एनलेस त्यात अजून पलंगाच्या त्याच्याच बाजूला झोपत होती, स्वतःच्या नाही.

ती माझ्याजवळ आली. टपावर हात ठेवला. गर्शोम गेल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं, आता ही म्हणणार, दुरुस्त करा. मी तिची वाट बघत होते.

"सियामे, तुम्ही म्हणता तो दुसरा बॉक्स बसवला तर ही चालेल?"

"चालेल."

"कोण चालवेल?"

सियामेने चिपाशाच्या मुठीकडे बघितलं. "ज्याच्याकडे चावी, तो."

"मग नका बसवू."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिचाही राग आला. मी काय केलं होतं? मला बरं व्हायचं होतं. दिरावरचा सूड माझ्यावर का? पण ती हात न उचलता उभी होती.

"कुजू दे मग!" चिपाशा ओरडला. "घे तुझ्या नवऱ्याचं भंगार!" त्याने चावी तेलकट चिंध्यांवर भिरकावली आणि तो मिनीबसच्या थांब्याकडे चालू लागला.

एनलेसने चावी उचलली, फडक्याला पुसली. मग तिच्या चर्चमधल्या बायका आल्या आणि त्यांनी मला ढकलत वस्तीत आणलं. भक्तीच्या बायका, पण दर धक्क्याला चिपाशाच्या नावाने असं काही म्हणत होत्या की पाद्रीबाबांनी कानांवर हात ठेवले असते.

अंगणात पोचल्यावर बरोबर आलेल्या सियामेने विचारलं, "कासोंदेच्या आई, आता चावी तुमच्याकडे आहे. बसवू का बॉक्स?" कासोंदे ही तिची मुलगी, एन्डोलाला नर्स आहे.

"कागदावर नाव अजून गर्शोमचं आहे," एनलेस म्हणाली. "ही चालायला लागली की भाऊजी परत येतील. बंद गाडीकडे कोणी बघत नाही. आधी कोर्टातून घर आणि गाडी माझ्या नावावर होऊ दे."

तिने दावा लावला. तारखा पडत राहिल्या. मी उभी राहिले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. आणि एनलेस डोक्यावर टोपली घेऊन मिनीबसला जाऊ लागली. रोज सकाळी ती माझ्या समोरून जाते आणि माझ्याकडे बघत नाही. मीही बघत नसते, पण माझे दिवे पुढेच आहेत, काय करू?

मागच्या आठवड्यात चिपाशा आला. बरोबर सोल्वेझीचा एक गिऱ्हाईक, नीटनेटका, डोक्याला हॅट. तारीख जवळ आली होती, त्याआधी मला विकून मोकळं व्हायचा त्याचा बेत. गिऱ्हाईकाने पुठ्ठा अंथरला, खाली शिरून बघितलं. एनलेसने शेजारणीला सियामेकडे पिटाळलं. तो हात पुसत आला.

"हाच इथला फिटर," चिपाशा खुशीत म्हणाला. "विचारा त्याला. छोटं काम आहे."

"दुरुस्त होईल?" गिऱ्हाईकाने विचारलं.

एनलेसने सियामेला काही शिकवून ठेवलं नव्हतं. तो खोटं बोलत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"होईल," सियामे म्हणाला. "बॉक्स माझ्याच शेडमध्ये पडलाय."

चिपाशा हसला.

"पण मी बसवणार नाही. इथून चिंगोलापर्यंत दुसरा कोणी बसवायला तयार झाला तर मला नाव कळवा. त्याच्याशी मी बोलतो."

गिऱ्हाईक उठला, गुडघे झटकले. अंगणात जमलेल्या बायकांकडे बघितलं, एनलेसकडे बघितलं. "जिच्या दारात गाडी उभी आहे, तिला न विचारता मला इथे आणलंत?" तो चिपाशाला म्हणाला आणि हॅट सारखी करून निघून गेला.

चिपाशाने माझ्या दारावर लाथ घातली. पत्रा आत गेला.

"आणखी एक घाला, भाऊजी," एनलेस शांतपणे म्हणाली. "कोर्टात दाखवायला बरं पडेल."

त्याने दुसरी लाथ घातली नाही.

तर अशी मी आहे. एका दाराला पोचा, पोटात काळं ऑइल, टपावर कोंबड्यांची घाण. दुरुस्त होऊ शकते आणि होत नाही. निकाल तिच्या बाजूने लागला तर सियामे बॉक्स आणेल, आणि नाही लागला तर आणणार नाही. मग मी इथेच मातीत जाईन, पण चिपाशाखाली पुन्हा जाणार नाही. मला चालायचं आहे, फार चालायचं आहे. तरीही तिने नाही म्हटलं ते बरोबर म्हटलं, हे मला आता पटलंय. राग मात्र तसाच आहे. तो मला कोणी समजूत घालून काढायचा नाही.

तुम्हाला माझी कीव येत असेल तर ती स्वतःपाशीच ठेवा. काही करायचंच असेल तर ते फाटक उघडा. ती बाजारातून येतेय, डोक्यावर टोपली आहे आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले आहेत.