उंदराचा कान

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते. पडद्यावर एक पांढरा उंदीर उजवा पंजा फरफटत चालला होता. पडदा काळा झाला, ‘इंजेक्शननंतर’ अशी अक्षरं झळकली, आणि उंदीर तुरुतुरु धावत सुटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे कुणीतरी हुंदका दिला.

“मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, म्हणजे बी!” कोटवाले डॉक्टर म्हणाले. “यांना पत्ता सांगावा लागत नाही. मेंदूचं दुखणं वासावर शोधतात! आज टोचून घ्या, महिनाभरात शर्टाची बटणं आपली आपण लावा. फक्त रक्त पातळ करायच्या गोळ्या आजपासून बंद. बी रुजायला हवं ना?”

बाबा शेजारी चाकाच्या खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. अर्धांगवायूचा दुसरा झटका येऊ नये म्हणून दिलेली रक्त पातळ करायची सकाळची गोळी आईनं आज दिलीच नव्हती; बोलावणाऱ्यांनी तिला तसं आधीच सांगितलं होतं.

“आई, गोळी दे त्यांना.”

“गप गं. आधीच नाट लावू नकोस.”

बाबांना झटका आल्यापासून माझंही सगळं बधिर झालंय. बाळंतपणाआधी मी प्रयोगशाळेत हेच काम करायचे: झटका आलेले उंदीर आणि मूळ पेशी. तरी खोटं कशाला बोलू, मीही पडद्याकडे आशेनंच बघत होते.

लेक माझ्या मांडीवर होती. सध्या तिला अवयव दाखवायचं वेड. आजोबांचं नाक, आजीचा डोळा, दिसेल त्याचा कान.

चित्रफीत पुन्हा लागली.

“उंदीलमामाचा कान तुतला!” ती ओरडली. लोक हसले. मग धावणारा उंदीर आला. “कान आला!”

आता मलाही दिसलं. पांढरे उंदीर सगळे सारखेच दिसतात, म्हणून ओळखीसाठी आम्ही त्यांच्या कानाला खाच पाडतो. ती भरून येत नाही. मी उभी राहिले.

“डॉक्टर, पहिल्या उंदराच्या कानाला खाच आहे, दुसऱ्याच्या नाही. हे दोन वेगळे उंदीर आहेत.”

“ताई, हाच तर प्रताप! पेशींनी कानही भरून काढला!”

“मग माझ्या टकलावरही टोचा की!” मागून एक आजोबा म्हणाले.

हशा विरल्यावर मी विचारलं, “इंजेक्शन न दिलेले उंदीर कुठायत? झटक्यानंतर उंदीर बरेचसे आपोआप सावरतात. म्हणून आम्ही निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचतो, आणि कुणाला काय टोचलंय हे पंजे तपासणाऱ्याला कळूच देत नाही. तुमचा तो गट दाखवा.”

“वेळ कमी आहे. नोंदणी बाहेरच्या टेबलावर,” म्हणत त्यांनी पडदा बंद केला.

काही जण उठून घरी गेले. बरेचसे टेबलापुढे रांगेत उभे राहिले. मला जिंकल्यासारखं वगैरे काहीच वाटलं नाही.

“म्हणजे काहीच नाही का गं?” आईनं विचारलं.

“शोध चालू आहे, आई. उंदरांत कधीकधी फायदा दिसतो. माणसांत अजून पक्कं ठरलेलं नाही.”

ती रडली नाही. पर्समधून गोळी काढून तिनं बाबांच्या डाव्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती गिळली.

“आजोबा, कान?” लेकीनं विचारलं. बाबांनी डावा हात सावकाश कानाला लावला.

आशा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मलाच ती सोडवत नाही. पण चमत्कार दाखवणाऱ्याला एवढं जरूर विचारा: ज्याला टोचलं नाही, त्याचं काय झालं? आणि उत्तर मिळेपर्यंत घरातली गोळी चुकवू नका.