नेहमी, कधी कधी, कधीच नाही

एस्तेर उजागरे सिस्टर आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्यायल्या होत्या. पण कुणीतरी आपलं कौतुक करील, ह्याला त्या भ्यायल्या त्या त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात.

भिंगार ओलांडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की एक धर्मादाय इस्पितळ होतं, तिथला बाळंतिणींचा वॉर्ड सिस्टरांकडे होता. दुष्काळाचे दिवस. खडी फोडायच्या कामावरून दिवस भरलेल्या बाया तशाच उठून खाटेवर यायच्या, अंगात रक्त नावाला नाही. आणि डॉक्टर गुजर एकटे. ते कधी ऑपरेशनात गुंतलेले, कधी कलेक्टर कचेरीतल्या बैठकीत. बाळंतपण काही बैठक संपायची वाट बघत नाही. मग सिस्टरांच्या हाताखालच्या नर्सा वेळ पडली की आपल्या अकलेनं करून मोकळ्या व्हायच्या. रक्त थांबवायची सुई द्यायच्या, सलाईन लावायच्या. डॉक्टरांनी मागाहून कपाळाला आठ्या घालून विचारलं, की हे कुणाच्या सांगण्यावरून, तर सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "मला विचारूनच केलंय, डॉक्टर." दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी ही बाई बाकीचा आठवडा बिनदिक्कत खोटं बोलायची आणि तिला झोपही चांगली लागायची.

ह्या खोट्याला कारण भीमा नावाची नर्स. आदल्या वर्षी भीमानं अशीच एका बाईला न विचारता सुई दिली. बाई वाचली, पोर वाचलं आणि डॉक्टर गुजरांनी भीमाला कामावरून काढलं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. हाताला यश होतं, गरिबाला तुसडेपणानं बोलत नसत. पण आपल्या इस्पितळात आपल्या शब्दाबाहेर काही घडलं की त्यांचा तोल जायचा, आणि तो गेला की समोरच्याची नोकरी जायची. भीमाच्या घरी मिळवती ती एकटी होती. ती पत्र्याची ट्रंक घेऊन एस्टी स्टँडकडे निघाली, त्या दिवशी सिस्टरांनी उरलेल्या पोरींना कपड्यांच्या खोलीत नेऊन सांगितलं, की वेळ आली तर आधी करा, मग मला सांगा. तुम्ही मला विचारलं होतं असं मी म्हणेन. औषधांच्या कपाटाची चावी नियमानं सिस्टरांच्या कमरेला हवी. ती त्या दिवसापासून कुलपालाच लटकलेली राहिली.

आणि अशात पुण्याहून प्रधानबाई आल्या.

प्रधानबाई नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या. खादीची साडी, नाकावर घसरणारा चष्मा, बोलणं मऊ. वॉर्डाची मुख्य सिस्टर हाताखालच्या नर्सना स्वतःच्या विचारानं काम करायला कितपत वाव देते, हे त्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरून मोजत होत्या. आम्ही आजवर ताप मोजत आलो, आता वाव मोजायचा म्हणता, असं म्हणून डॉक्टर गुजर मोठ्यानं हसले. प्रधानबाईंनी न रागावता पद्धत समजावली. प्रत्येक नर्सला एकेकटीला बसवून प्रश्न विचारायचे. सिस्टर तुम्हाला स्वतः ठरवू देतात का? चुकलं तर पाठीशी उभ्या राहतात का? उत्तरं तीनच. नेहमी, कधी कधी, कधीच नाही. प्रत्येक उत्तराला गुण आणि शेवटी वॉर्डाची बेरीज. कुणी काय सांगितलं ते नावानिशी कुणाला कळणार नाही, अशी त्यांनी हमी दिली. सिस्टरांच्या वॉर्डात त्या दिवशी साळू आणि छबू अशा दोनच नर्सा होत्या, त्यात नाव झाकून काय झाकणार?

"बेरीज मात्र मला कळू द्या," डॉक्टर म्हणाले. "माझ्यामागं कोणाच्या वॉर्डात किती वाव मिळतो, ते मला समजलेलं बरं." बोलताना ते हसतच होते, पण बघत होते सिस्टरांकडे.

प्रश्नांची खरी उत्तरं सिस्टरांना ठाऊक होती. ठरवू देतात का? नेहमी. पाठीशी उभ्या राहतात का? नेहमी. पोरी प्रेमानं, अभिमानानं तेच सांगतील, प्रधानबाई भरभरून गुण देतील, आणि जिल्ह्यात पहिली आलेली ती बेरीज डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन पडली की आपण घरी, साळू घरी, छबूही घरी. दुष्काळात कुठं दुसरी नोकरी आणि कुठलं काय.

पोरींना आधी बजावून ठेवावं तर प्रधानबाई सकाळपासून सावलीसारख्या मागं. आणि खरं सांगायचं तर सिस्टरांची जीभही रेटत नव्हती. आपण खोटं बोलणं वेगळं आणि लेकीच्या वयाच्या पोरींना खोटं बोल म्हणणं वेगळं. तेवढी एक पळवाट त्यांनी देवासाठी राखून ठेवली होती. मग घाबरलेलं माणूस करतं तसं त्यांनी काहीतरीच केलं. कपाटाला कुलूप घातलं, चावी काढून कमरेला खोचली आणि पदर नीट केला. समोर साळू भिंगारदिवे सुया उकळत उभी होती. तिनं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

प्रश्न विचारायला प्रधानबाईंनी कपड्यांचीच खोली निवडली. तिची भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. पलीकडे सिस्टर कापसाचे बोळे करत बसल्या, म्हणजे हात बोळे करत होते, कान भिंतीवर होते.

आधी छबू गेली. घोडेगावची, नवीन लागलेली, पोटात काही न राहणारी. हिच्याच तोंडून सगळं जाणार, असं सिस्टरांनी धरूनच ठेवलं होतं. छबूचा आवाज आला.

"न्हाई बाई, आमी मनानं काईच करत न्हाई. पेशंटला चक्कर आली, पाय उंच कराया खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवायच्या म्हनल्या तरी आधी सिस्टरना इचारतो."

पुढच्या प्रत्येक प्रश्नाला छबूनं पाढे म्हटल्यासारखं 'कधीच न्हाई' म्हटलं. मग साळू गेली. वॉर्डातली सगळ्यात धीट, हाताची पक्की, आजवर विचारायला म्हणून एकदाही न आलेली. तीही म्हणाली, की सिस्टरच्या शब्दाबिगर इथं पान हालत न्हाई. शेवटी प्रधानबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, सिस्टरांची भीती वाटते का? साळू म्हणाली,

"वाटती."

"कधी कधी?"

"नेहमी."

सिस्टरांच्या हातातला बोळा तसाच राहिला. सुटले, असं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. पण पोरींना इतकं चांगलं खोटं बोलता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. खोटंच होतं ना ते? शेवटचं ते 'नेहमी' साळूनं इतक्या सावकाश म्हटलं होतं. आज सकाळी आपण चावी काढली. ती बघून पोरीच्या मनात काय आलं असेल? आता ह्या बाईचा भरवसा नको, आता खरंच विचारल्याशिवाय हात हलवायचा नाही, असं तर तिनं ठरवलं नाही? कौतुकाची भीती गेली आणि तिच्या जागी ही दुसरी, जास्त थंड भीती येऊन बसली.

साळूला परत धाडून प्रधानबाईंनी बेरीज केली आणि डॉक्टरांनी दोघींना ऑफिसात चहाला बोलावलं. वॉर्डात तेव्हा कडूबाई होती. पाथर्डीकडची, सकाळीच मोकळी झालेली, मुलगी झालेली. सिस्टरांना तिला सोडून जायचं नव्हतं, पण डॉक्टरांच्या बोलावण्याला नाही कसं म्हणणार? त्या गेल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

प्रधानबाईंचा चेहरा उतरला होता. इतकी कमी बेरीज त्यांना कुठंच मिळाली नव्हती. डॉक्टर मात्र खुशीत होते. ह्याला मी शिस्त म्हणतो, असं ते दोनदा म्हणाले. बाकीच्या वॉर्डांनी उजागरे सिस्टरांकडून शिकावं. सिस्टर कपबशी सावरत मान हलवत होत्या. कमरेला चावी टोचत होती.

तेवढ्यात दारात छबू येऊन उभी राहिली. एरवी ही पोर आत घुसून बोलायची. आज चौकटीबाहेर थांबली, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून.

"सिस्टर, इचारायचं हुतं. कडूबाईचं रगत थांबंना. साळूबाई इचारत्यात, सुई द्यावी का?"

सिस्टरांचा हात कमरेकडे गेला. चावी इथं, सुई कपाटात, बाई तिथं, आणि साळू वाट बघत उभी. झालं ते झालंच. आपण भ्यालो आणि आपली भीती पोरींना लागली. डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि नुकत्याच गायलेल्या शिस्तीला साजेल अशा थंड आवाजात विचारायला सुरुवात केली, रक्त कितपत जातंय, नाडी बघितली का. छबू काहीतरी सांगायला लागली. सिस्टरांना पुढचं ऐकूच आलं नाही.

"विचारायला कशाला आलीस?" त्या उठल्या तसा चहा साडीवर सांडला. "नेहमी देता तशी द्यायची ना."

प्रधानबाईंनी चष्मा वर सरकवला. डॉक्टरांनी तो एकच शब्द उचलला, "नेहमी?" पण तोपर्यंत सिस्टर व्हरांड्यातून धावत सुटल्या होत्या. ह्या वयात, सगळ्या पेशंटांच्या देखत, कमरेची चावी मुठीत घट्ट धरून. त्या धावता धावता प्रार्थना करत होत्या आणि प्रार्थनेत देवाला शिव्याही देत होत्या.

कडूबाईच्या खाटेशी साळू वाकून उभी होती. एक हात पोटावर दाबलेला, दुसऱ्या हाताखाली नाडी. शेजारच्या ट्रेमध्ये सुईच्या औषधाची फोडलेली काचकुपी आणि रिकामी पिचकारी होती.

"दिली, सिस्टर," ती वर न बघता म्हणाली. "जरा येळ झाला. आता पिशवी आवळाया लागली."

सिस्टरांनी मूठ उघडून चावीकडे पाहिलं. साळूनं तिरक्या नजरेनं ते टिपलं.

"तुमी सकाळी चावी काढायच्या आधीच सुईची कुपी खिशात टाकली हुती. बाई पुन्याच्या, भ्या तर वाटनारच. छबूला नुस्तं इचारायला धाडलं. डॉक्टर बसल्यात, त्यांच्या देखत एकदा इचारलेलं बरं, म्हनलं. तेवढंच तुमास्नी बरं."

सिस्टर खाटेची दांडी धरून उभ्या राहिल्या. म्हणजे पोरी चुकल्याच नव्हत्या. आधी करा, मग सांगा, हे त्यांनी अक्षरशः पाळलं होतं, वर आपल्याला झाकायला नाटकही उभं केलं होतं. आणि ते मोडलं कुणी? आपण. एका शब्दानं. आपल्याला वाटलं पोरींनी धीर सोडला, आणि सुटला होता तो आपलाच. लाज इतकी वाटली, की त्या क्षणी भीतीलाही आत जागा उरली नाही.

डॉक्टर आले, मागून प्रधानबाई आणि छबू. डॉक्टरांनी आधी पोट तपासलं, नाडी धरली, सलाईन लावायला सांगितलं. बाईला आता धोका नाही, एवढं त्यांच्या खांद्यांवरून कळलं. मग ते सरळ उभे राहिले आणि सुई कुणाच्या सांगण्यावरून दिली, असं त्यांनी विचारलं.

"सिस्टरना इचारूनच दिली, डॉक्टर," साळू म्हणाली. शब्द सिस्टरांचेच, खालमानेची ती शांतताही त्यांचीच.

"सिस्टर माझ्यासमोर चहा पीत होत्या. आणि कपाटाची चावी त्यांच्या हातात आहे."

"मला विचारलं नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज कापत होता आणि तो त्यांनी कापू दिला. "नेहमीच विचारत नाहीत. तसं मीच सांगितलंय, भीमाला तुम्ही घरी पाठवलं त्या दिवसापासून. आता कुणाला पाठवायचं तर मला पाठवा. ह्या दोघींना हात लावू नका."

डॉक्टरांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी हात पुढं केला. सिस्टरांनी चावी त्यावर ठेवली. उद्या सकाळी ऑफिसात या, एवढंच ते म्हणाले. त्या 'या'चा अर्थ काय, हे सिस्टरांना भीमाच्या वेळेपासून ठाऊक होतं. गेलेली भीती पुन्हा परत आली, आणि आता तिला काही आडोसाही राहिला नव्हता.

एवढ्यात मागच्या मागं बाहेर गेलेली छबू सगळ्यांच्या मधून वाट काढत आली. दोन्ही हातांत विटा, तोंड पांढरंफटक. कडूबाईचे पांढरे पडलेले ओठ तिनं पाहिले, गुडघे टेकले आणि खाटेच्या पायथ्याशी विटा मांडायला लागली.

"हे तुला कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सिस्टरना इचारलंय," छबू खालूनच म्हणाली.

"मी इथंच उभा आहे. आत्ता तू एक शब्द बोलली नाहीस. कधी विचारलंस?"

छबूनं वर पाहिलं. पोर भ्यालेली होती. तिनं खरोखरच आठवून बघितलं.

"लई आधी," ती म्हणाली. "समदं लई आधीच इचारून ठिवलंय."

चावी डॉक्टरांच्या तळहातावर तशीच उघडी पडली होती. दाराशी उभ्या प्रधानबाईंनी आपली वही मिटली.

"सिस्टर," छबू म्हणाली, "तुमी तिकडून जरा उचला."

सिस्टरांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि तिकडून खाट उचलली.