दोनशे ग्रॅम कमी

दहावी ढेप काट्यावर ठेवली आणि मंजुळाचा हात तिथेच थांबला. आकडा एकोणपन्नास पूर्णांक आठवर जाऊन बसला होता. पन्नासला दोनशे ग्रॅम कमी.

गावदेवीच्या ओट्यावर चेंदणी कोळीवाड्यातल्या वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. नवस सगळ्यांना ठाऊक होता. गेल्या वर्षी मंजुळाची लेक दक्षता तिकडे नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, ट्रॉम्सो नावाच्या गावी, न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली. मासळीच्या प्रयोगशाळेत कामाला होती ती. इकडे मंजुळाने देवीपुढे पदर पसरला, "आई, माझी पोर उठून उभी राहू दे. त्या दिवशी जेवढी भरेल, तेवढा गूळ तुझ्या दारात वाटीन." पोर उठली, प्रयोगशाळेतल्या काट्यावर उभी राहिली आणि व्हिडिओ कॉलवर आईला आकडा दाखवला. बरोबर पन्नास किलो.

पुढे तो काटा जुना झाला म्हणून काढून टाकायचं ठरलं, तेव्हा तो मागून घेऊन बॅगेतून आणायला मंजुळानेच लेकीला भाग पाडलं. "ज्या काट्यावर पोर तोलली, त्याच काट्यावर गूळ. देवीला दिलेला शब्द आहे, तिथं दोन काटे चालायचे नाहीत."

गूळ खोपटच्या पोपटशेठकडचा. तीस वर्षं मंजुळाच्या घरचा किराणा त्याच्याकडून यायचा. पाच-पाच किलोच्या दहा ढेपा त्याने स्वतः मापून, स्वतः टेम्पोत बसून आणल्या होत्या.

"तरी मी सांगत होते, मंजुळे," शेजारची गंगुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "गूळ माझ्या जावयाकडून घे म्हणून. आता बघ. देवीच्या मापातसुद्धा हात मारणारी माणसं असतात गो."

पोपटशेठचा चेहरा उतरला. "वहिनी, सकाळी आंघोळ करून, चपला काढून एकेक ढेप मापली हो मी. पाहिजे तर आणखी पाव किलोचा खडा आणतो. टाका वर आणि विषय संपवा."

"संपवून टाक," दोघीतिघी म्हणाल्या.

संपवणं सोपं होतं. पण वर खडा टाकला की पोपटशेठने देवीचा गूळ चोरला, हे देवीच्याच ओट्यावर कबूल झालं असतं. संध्याकाळपर्यंत खोपट डेपोपर्यंत बातमी गेली असती. आणि न टाकावा तर, माप खरंच कमी असेल तर, नवस अपुरा राहिला असता. मंजुळाने देवीकडे एकदा पाहिलं, पदर खोचला.

"खडा आणू नका, पोपटशेठ. आधी खरं काय ते बघू. दक्षता, तुझा काटा आहे ना? बोल."

दक्षता काट्यापाशी उकिडवी बसली होती. तिने एकदम कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागली.

"आई, मीच मूर्ख! काटा खोटा नाही आणि काकाही खोटे नाहीत. काटा ट्रॉम्सोत जुळवलेला, आता जागा बदलली ना!"

"कोळीवाड्यात गूळ हलका होतो होय?" गंगुबाईने नाक मुरडलं.

"गूळ तेवढाच राहतो, मावशी. त्याचा दाब कमी होतो. या काट्याला पारडी नाहीत, खाली किती दाबलं जातं तेवढंच याला कळतं. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर कडेला बसलं की बाहेर फेकल्यासारखं होतं ना? आणि मधल्या खांबाजवळ उभं राहिलं तर?"

"तिथं काय व्हायचंय? काहीच नाही."

"पृथ्वीचं तसंच आहे. ट्रॉम्सो खांबाजवळ, आपण कडेकडे. आणि फिरून फिरून ती पोटाशी थोडी सुटलीय. म्हणून तिच्या मध्यापासून आपण ट्रॉम्सोवाल्यांपेक्षा जास्त लांब. इथून डोंबिवली जेवढी, जवळजवळ तेवढं. लांब म्हणून ओढ कमी."

"पोटाशी सुटलेली म्हणजे आपली मंजुळाच," कोणीतरी म्हणालं आणि ओटाभर हसू पसरलं. मंजुळाही हसली, पण तिचं लक्ष काट्यावरून हललं नव्हतं. चाळीस वर्षं तराजू धरलेला हात तिचा.

"म्हणजे माझ्या तराजूला हे कळायचंच नाही. एका पारड्यातली मासळी हलकी झाली, तर दुसऱ्यातलं वजनही तेवढंच हलकं."

"अगदी बरोबर!"

"मग शिक्क्याची लोखंडी वजनंसुद्धा या काट्यावर कमी भरतील." ती गंगुबाईकडे वळली. "गंगू, तुझ्या धाकूला सांग, मच्छीमार सोसायटीतली वजनं घेऊन ये. यंदाच सरकारी शिक्का लागलाय त्यांना. आणि ती पोपटशेठच्या दुकानातली नाहीत."

धाकूने हातगाडीवरून दोन विसाची आणि एक दहाचं आणलं. ढेपा उतरवल्या. मंजुळाने वजनं स्वतःच्या हाताने एकावर एक चढवली. बायका वाकून बघू लागल्या. आकडा थरथरला, थांबला.

एकोणपन्नास पूर्णांक आठ.

"आता सरकारनेही हात मारला का गो, गंगू?" मंजुळाने शांतपणे विचारलं.

गंगुबाईने डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. "मी आपलं काळजीनं बोलले. पण देवीचं माप?"

"पोर तिथं पन्नास होती, गूळ इथं पन्नास आहे. तोलाला तोल. देवीला दोन्हीकडचं कळतं."

पोपटशेठने उपरण्याने डोळे टिपले. "वहिनी, तरीपण माझ्याकडून एक खडा वर..."

"अजिबात नाही. आज तुमचा एक कणही जास्तीचा चालणार नाही. जास्तीचं दिलंत तर तुम्ही कमी मापलं होतं असा अर्थ होईल." तिने पहिली ढेप उचलून त्याच्या हातात दिली. "देवीपुढे तुम्ही ठेवायची."

"मी? कोळीवाड्याच्या देवीपुढे?"

"मापलंय कुणी?"

पोपटशेठने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि ढेप छातीशी धरून आत गेला. बायकांनी वाट करून दिली. सगळ्यात आधी बाजूला झाली ती गंगुबाई.