काशीचा गडू आणि आप्पारावांची बॅटरी

आप्पारावांना थंडी सोसत नसे. फटफटीवर बसलं की गार वारा छातीत शिरतो, असं हैदराबादच्या कुठल्याशा हकिमाने त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं. तेव्हापासून दिवाळी झाली की गेवराईतली ती एकुलती एक फटफटी कडब्याच्या कोठ्यात जाई, तिच्या अंगावर चांगली घोंगडी पडे, आणि होळीपर्यंत तिला कुणी हात लावत नसे. त्याच कोठ्यात गडीमाणसं कुडकुडत निजत; त्यांना पांघरूण आहे का, हे मालकांनी कधी विचारलं नव्हतं. केसरबाईंना नवऱ्याची लाज वाटायची तीही आता सरली होती. उरली होती ती नुसती किळस.

होळीच्या तोंडावर एका सकाळी चकलांब्याहून त्यांच्या भावाचा, बंकटचा माणूस आला. आई, तुळजाबाई, आजचा दिवस काढते की नाही अशी होती. काशीचा गडू घेऊन लगेच निघा, असा निरोप होता.

तो गडू केसरबाईंनीच आणलेला. सासूबरोबर काशीला गेल्या तेव्हा आईसाठी म्हणून गंगेचं पाणी भरून, तोंड झाळून बंद करून आणला होता. पण आईने तो ठेवून घेतला नाही. "तुझ्यापाशीच राहू दे. माझी येळ आली की घेऊन ये," ती म्हणाली होती. "त्या निमित्तानं तरी तुला धाडतील." जावई काय चीज आहे हे म्हातारी ओळखून होती.

केसरबाईंनी धोंडीराम गड्याला बैल जुंपायला सांगितलं. आप्पाराव ओसरीवरून ओरडले, "गाडी कावून? दारात फटफटी असताना माझी बायकू बैलगाडीत बसून जाणार? लोक तोंडात श्यान घालतील. तासाभरात पोचवतो तुला."

मग तमाशा सुरू झाला. आप्पारावांनी लाथा मारून मारून धोतर सुटायची वेळ आणली. फटफटी हूं की चूं करीना. बॅटरी बसली, असं त्यांनी जाहीर केलं, जसं काही मोठा शोधच लावला. चार महिने ढुंकून न बघितल्यावर ती बसणार नाही तर काय नाचणार? त्यांनी ती सोडवून उन्हात ठेवली. उन्हाने भागेना म्हणून चुलीजवळ आणून शेकली. मग झाकणं उघडून डोकावले, तर आतलं पाणी आटलेलं. आई तिकडे वाट बघत होती, आणि हा बाप्या एका डब्याची बाळंतपणं करत बसला होता.

गडू काढून पायरीवर ठेवून केसरबाई लुगडं बदलायला आत गेल्या. तेवढ्यात घात झाला. बाहेर येऊन बघतात तर पायरीवर गडू आडवा पडलेला, तोंड पान्याने फोडलेलं, आत थेंब नाही.

"फटफटीचा मिस्त्री म्हनलाच होता, बॅटरीत कुएँ का पानी नक्को, एकदम साफ होना," आप्पाराव खुशीत होते. "याच्याहून साफ पानी आख्ख्या मुलखात हाय का?"

"तुमाला माणूस म्हनावं तरी कसं?" केसरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. या माणसावर ओरडणंही त्यांना जास्त वाटलं.

त्यांनी रिकामा गडू उचलला, आडाचं पाणी भरलं, तोंडाला कणकेचा गोळा थापला आणि गाडीत जाऊन बसल्या.

"अगं थांब, आता सुरू होतीच!"

"पाजा तिलाच. तिचीच येळ भरलीय," असं म्हणून त्यांनी धोंडीरामला गाडी हाकायला लावली.

वाटभर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आई भेटेल का, ही एक भीती. आणि भेटली तर तिच्या तोंडात काय घालायचं, ही दुसरी.

दुपार कलताना चकलांबा आलं. आई अजून होती. केसरबाईंनी पाठ करून कणीक काढली आणि पळीने पाणी पाजलं.

"काशीचंच ना गं?"

"काशीचंच, आई." जन्मात पहिल्यांदा त्या आईशी खोटं बोलल्या. म्हातारीचा चेहरा निवला.

इतक्यात गल्लीत फटफट वाजली. गेवराईच्या वेशीपर्यंत दहाजणांनी ढकलून ती एकदाची पेटली होती. आप्पाराव धुळीने माखून दारात उभे राहिले, आणि आत मरण चाललंय याचंही भान न ठेवता ओरडले, "अगं, काशीच्या पाण्यानं गुण आला बघ!"

तुळजाबाईंनी डोळे किलकिले केले. "काय म्हनतेत जावई?"

केसरबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "काशीच्या पाण्यानं गुण आला का, म्हनून इचारतेत."

"लई जीव हाय गं त्यांचा माझ्यावर," म्हातारी पुटपुटली. "तू उगं त्यांना टाकून बोलत जाऊ नको." तेच तिचं शेवटचं बोलणं. घटकाभरात गेली.

केसरबाईंनी आईचे डोळे मिटले. दारात आप्पाराव उपरण्याने डोळे पुसत होते. खरंखुरं रडू आलं होतं त्यांना.

"बघितलंस बंकट," ते मेहुण्याला म्हणाले, "शेवटच्या घडीला त्यांच्या तोंडी माझंच नाव होतं."

आणि याला नाही म्हणायचं तर आडाचं पाणीही उघडं पडलं असतं; ती सोय केसरबाईंना आता जन्मभर उरली नव्हती.