उपकप्तान कोण

संपादकबाईंचा फोन सकाळी दहाला आला. चित्रकाराने तो कानापासून वीतभर लांब धरून ऐकला. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की चित्रकथेचं पान आज पाचच्या आत हवं. आठ महिने वाट पाहून झाली. मुलांची पत्रं पोतंभर आली आहेत, निम्मी टोळीतल्या बुरूजच्या बाजूने, निम्मी सुईच्या. कुणालाही उपकप्तान करा, पण आज करा.

फोन ठेवून तो टेबलापाशी बसला. समोर शेवटचं पान होतं. आठ चौकटींपैकी सात पूर्ण, आठवी अर्धी. ठिणगी, म्हणजे पोरसवदा लढवय्यांच्या टोळीची कप्तान, हात मोडून दगडाला टेकून बसली होती. तिच्या तोंडाशी बायकोच्या पेन्सिलीतली अक्षरं होती : ‘आजपासून उपकप्तान’. पुढे काहीच नव्हतं.

वीस वर्षं दोघांनी मिळून ही चित्रकथा चालवली. गोष्ट तिची, चित्रं त्याची. नाव लिहायच्या आधी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली होती, ‘‘तुम्हीच ओळखा. वीस वर्षं काढताय ना त्यांना.’’ त्याने मान हलवली आणि चहा मागितला. त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. नाव तिच्याबरोबरच गेलं.

आपल्या मनाने कुणाचंही नाव टाकणं त्याला अवघड नव्हतं. पण ते तिचं नसलं तर? तिच्या शेवटच्या वाक्यात आपला शब्द घुसवायचा, तोही चुकीचा, हे काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

शाळेला सुट्टी होती, म्हणून अकरा वर्षांची नात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हनुवटी टेकवून बसली होती. सून दाराशी शेंगा सोलत होती. दोघींचंही मत होतं. या घरात मत नसलेलं माणूस त्याने पाहिलंच नव्हतं.

‘‘बुरूज,’’ तो म्हणाला. ‘‘एका हाताने दार उखडतो. अजून काय पाहिजे?’’

‘‘बाबा, तुम्हाला त्याचे दंड काढायला आवडतात म्हणून,’’ सून मान वर न करता म्हणाली.

हे खरंच होतं. नातीने बुरूजचे दोष सांगायला सुरुवात केली. तो कप्तानाच्याही पुढे पळतो, मग मागे कोण बघणार? सूनबाईंचं मत सुईच्या पारड्यात. सुई डोक्याने तेज, नकाशे तिला तोंडपाठ. त्यावर नात म्हणाली, की सुईला कप्तानच व्हायचंय. प्रत्येक भागात ती ठिणगीच्या चार चुका काढून दाखवते. अशी माणसं मागे उभी राहिली, की पुढच्याची पाठ खाजते.

‘‘मग उरलं कोण?’’ चित्रकार हसला. ‘‘गोगलगाय?’’

गोगलगाय म्हणजे टोळीतली सगळ्यात हळू पोरगी. पाठीवर सगळ्यांची पथारी, कंबरेला पाण्याचा बुधला. वीस वर्षांत तिने एकदाही तलवार उपसली नव्हती. तिला तलवारच नव्हती. काढायचा कंटाळा म्हणून त्यानेच ती पहिल्या भागात गाळली होती आणि मग तेच कायम झालं.

नात हसली नाही. उठली आणि कपाटातून जुन्या अंकांची बाडं काढून जमिनीवर पसरली. प्रत्येक भागाची शेवटची चौकट तेवढी बघत गेली. अर्धा तास झाला तरी ती उठेना, तेव्हा सूनही शेंगा सोडून बघायला आली.

‘‘आजोबा, कोपऱ्यातला हा बारका फुगा दर वेळी कुणाचा आहे?’’

बोलण्याच्या फुग्यांवरून नवरा-बायकोचं वीस वर्षं भांडण. तो चित्र आधी रंगवायचा, फुग्याला जागा पुरेशी ठेवायचाच नाही, आणि तिचे शब्द मग शेंगेतल्या दाण्यांसारखे दाटीवाटीने बसायचे. शेवटच्या चौकटीत तर तो हमखास चिडायचा. कारण सगळं संपलं, किल्ला पडला, तरी त्या गोगलगायीला काहीतरी बोलायचं असायचंच. एकदा तो म्हणालाही होता, की हिला आता गप्प कर. बायको म्हणाली होती, ‘‘ती गप्प बसली, तर तुमची मंडळी घरी पोचणार नाहीत.’’ तेव्हा तो आकाश रंगवत होता. तो हो म्हणाला होता.

‘‘काय म्हणते ती?’’ आता त्याने विचारलं.

नात त्याच्याकडे बघतच राहिली. ‘‘तुम्ही वाचत नव्हतात?’’

‘‘मी काढत होतो.’’

‘‘वीस वर्षं?’’ सुनेने विचारलं. तिचा आवाज हसू दाबताना येतो तसा होता.

‘‘मापापुरतं वाचायचो. किती शब्द आहेत ते.’’

नातीने एक अंक त्याच्या मांडीवर ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. नदी ओलांडल्यावर, भुयारातून निघाल्यावर, आगीतून पळाल्यावर, दर वेळी कोपऱ्यात वाकून उभी असलेली ती पोरगी तेच विचारत होती : ‘सगळे आले का?’ एका अंकात तर ती एकटीच मागे वळली होती आणि पुढच्या भागात बुरूजला कान धरून घेऊन आली होती. तो कान त्यानेच काढला होता. लाल रंग जरा जास्त झाला म्हणून तेव्हा हळहळलाही होता.

तो बराच वेळ अंक चाळत राहिला. चष्मा दोनदा पुसला. मग म्हणाला, ‘‘आपल्या घरातला कप्तान मीच होतो ना?’’

‘‘बाबा, तुम्ही बुरूज होतात,’’ सून म्हणाली. ‘‘कप्तानही आईच होत्या आणि दारात उभं राहून सगळे आले का विचारणाऱ्याही त्याच. माणसं कमी पडली, की दोन दोन कामं करावी लागतात.’’

चित्रकाराने दगडाशेजारी गोगलगाय काढली. पाठीवर पथारी, कंबरेला बुधला. मग बायकोच्या अक्षरांपुढे गोगलगायीचंच नाव जपून लिहिलं. अक्षर बायकोसारखं आलं नाही. त्याने तसंच राहू दिलं.

खालच्या कोपऱ्यात शेवटचा फुगा राहिला होता. या वेळी त्याने चित्र रंगवण्याआधी फुगाच काढला, चांगला ऐसपैस. त्यात ‘सगळे आले का?’ लिहिलं. साडेचार झाले होते.

नातीने खांद्यावरून डोकावून पाहिलं. ‘‘आजोबा, केवढी जागा उरली.’’

‘‘उरू दे,’’ तो म्हणाला. ‘‘तिला नेहमी कमी पडायची.’’