तरीही पुढे जा

"काका, लाल पान पुन्हा आलं होतं," तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर फोनवर म्हणाली. "मी पुढे गेले, पण म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

काकांनी उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

इस्पितळात त्यांना सगळेच काका म्हणत, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली ही सिस्टरसुद्धा. अकरा वर्षांपूर्वी टेबलांवरचे संगणक गेले आणि नुसते पडदे उरले. खरं काम तळघरातल्या सर्व्हरवर, काकांच्या देखरेखीखाली चाले. समोरचा सर्व्हर आपलाच आहे अशी पडद्याची खात्री पटायला सर्टिफिकेट लागतं. ते करून द्यायचं तेव्हा राहून गेलं. मग रोज सकाळी पडद्यावर इशाऱ्याचं लाल पान येई, पलीकडे कोण आहे कळत नाही म्हणून. काकांनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहून प्रत्येक पडद्याखाली चिकटवल्या: 'लाल पान आल्यास घाबरू नये. तरीही पुढे जा, हे दाबावे.' खाली सही.

गेल्या महिन्यात त्यांनी एकदाचं मनावर घेतलं. सगळ्या सर्व्हरना सर्टिफिकेटं करून दिली, एकेका पडद्याला त्यांची ओळख पटवली, चिठ्ठ्या सोलून काढल्या. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, आता गळका नळही मनावर घ्या. सिस्टरने तेवढी आपली चिठ्ठी काढू दिली नाही. डॉक्टरांची अक्षरं वाचून डोळे गेले माझे, म्हणाली, एवढं एक तरी वाचता येतं.

आता लाल पान यायला नको होतं. काकांनी सर्टिफिकेटं एकेक तपासली. सगळी ठाकठीक होती. म्हणजे या वेळी लाल पान खरं सांगत होतं. सिस्टर आणि सर्व्हर यांच्या मध्ये कोणीतरी येऊन बसलं होतं, आणि तिने सवयीने त्याच्या हाती आपला पासवर्ड दिला होता. त्यावर सव्वीस रुग्णांची औषधं बदलता येत होती.

तिचं खातं बंद करून ते जिन्याने धावत वर गेले. ती नऊ नंबरच्या आजोबांपाशी उभी होती, हातात भरलेली सिरिंज.

"ठेवा ती खाली."

"का? पडद्यावर एवढाच डोस आहे."

कागदावर डॉक्टरांनी लिहिलेला डोस त्याचा दहावा भाग होता. पडद्यावरच्या बदलापुढे तिचं नाव होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसली.

"मी नाही हो लिहिलं हे."

"माहीत आहे मला."

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना अहवालात फक्त 'तरीही पुढे जा' कोणी दाबलं ते हवं होतं. काकांनी चिठ्ठी नखाने सावकाश सोलली, फाटू दिली नाही, आणि अहवालाला पहिलं पान म्हणून लावली. सही खाली होतीच, नवी करावी लागली नाही.

तळघरात परत येतात तोच फोन वाजला. चौथा मजला. "काका, लाल पान आलंय. दाबू का?"

"हात लावू नका. पडद्यावर विसंबू नका, औषधं कागदावरून द्या."

मग पहिला मजला, मग दुसरा. तेच उत्तर.

पाचव्या मजल्यावरून फोन आला नाही. काकांनीच लावला. नुसता वाजत राहिला. तिथली चिठ्ठी त्यांनी सगळ्यात आधी काढली होती, अकरा वर्षांची सवय मात्र काढता आली नव्हती.