मोज्याच्या तीन ओळी

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका गावात मालगाडीने फाटकावर भोंगा दिला की ओरेस्ट स्वयंपाकघरात बसून कॅलेंडरवर एक रेघ ओढायचा. म्हातारपणाची सगळी पुंजी रेल्वे कंपनीच्या शेअरांत होती आणि त्याचा भरवसा या रेघांवर होता.

"पूर्वी दिवसाला नऊ भोंगे व्हायचे, आता पाचच होतात," मांडीवरचा संगणक उघडत तो बायकोला म्हणाला. "गहू बाहेर जात नाही, डार्का. आज सगळे शेअर विकतो."

डार्काने विणकामातून मान वर काढली नाही. "तू घरात बसून ऐकतोस. फाटकाशी मोटार थांबवून खोळंबते मी. पूर्वी गाडी जाईस्तोवर मोज्याची एक ओळ व्हायची, आता तीन होतात."

"मग?"

"मग काय, शहाण्या? गाड्या कमी झाल्या, पण लांबल्या. डबे मोज."

ओरेस्टने संगणक तसाच मिटला. दुसऱ्या सकाळी दोघे फाटकाशी मोटारीत बसले. एकशे साठाच्या पुढे त्याची मोजणी चुकली.

"राहू दे," ती म्हणाली, "माझी तिसरी ओळ अजून चालू आहे."

शेअर त्याने विकले नाहीत.